चवथीचा मंगळ आणि उकडे तांदूळ

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी जमलेल्या प्रत्येक गोमंतकीय कुटुंबात एक इसम असा असतो, ज्याला ‘कंप्युटरातलं कळतं’ असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. त्याचं शिक्षण काय, नोकरी कसली, ही चौकशी कुणी करत नाही. एकदा कधी टीव्हीचा बंद रिमोट त्याने चालू करून दिला (सेल उलटे घातलेले होते) की नेमणूक कायम. आमच्या घरात हे पद माझ्याकडे आहे. पगार नाही आणि निवृत्तीही नाही.

पदाची कामं दोन. पहिलं, आल्यागेल्या सगळ्यांना वायफाय जोडून देणं. दुसरं, वर्षभर मोबाईलवर साठलेल्या विज्ञानाच्या, तंत्रज्ञानाच्या आणि सिनेमाच्या बातम्यांचा निवाडा करणं, तोही माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) बसून, आरतीचं घुमट हे मातीचं वाद्य वाजायला लागायच्या आत.

वायफायचं पटकन उरकतो. जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, नाहीतर मातीच्या, हात-दीड हात जाड. त्यातून पावसात त्या ओल धरतात आणि पाणी वायफायच्या लहरी गिळतं. राउटरमधून बहुधा लहरींचे दोन पट्टे निघतात. पाच गिगाहर्ट्झचा वेगवान असतो, पण असल्या एका भिंतीत दम तोडतो. २.४ वाला सावकाश, पण दोनेक खोल्या चालत जातो. हे ठाऊक असूनही राउटर कुठे, तर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला खेटून, आणि धूळ बसू नये म्हणून वर विणलेला रुमाल. राउटर उचलून राजांगणाच्या, म्हणजे घरातल्या चौकाच्या बाजूला, माणसाच्या डोक्याहून वर ठेवा. राजांगण मधोमध मोकळं असतं, त्यामुळे भिंत न ओलांडता चारही पडव्यांत इंटरनेट पोचतं. पासवर्ड तोंडी सांगायच्या भानगडीत तर पडूच नका. नव्या अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये, जोडलेल्या वायफायच्या नावावर बोट ठेवलं की ‘शेअर’ दिसतं आणि क्यूआर कोड उघडतो. तो छापून खांबाला चिकटवा. एवढं करूनही ‘जोडलंय पण चालत नाही’ अशी बोंब उठली, तर फायबरच्या डबीवरचा एलओएस नावाचा, सिग्नल तुटल्याचं सांगणारा दिवा बघा. तो लाल लुकलुकत असेल तर कुठेतरी माडाचं चुडत (झावळी) केबलीवर पडलेलं आहे. राउटर बंद-चालू करून ते उचललं जात नाही, पण घरातला प्रत्येक काका तो एकदा बंद-चालू करून बघतोच.

आता निवाड्याकडे येऊ.

पहिला मान मंगळाचा. ‘२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, पुन्हा असं दृश्य २२८७ साली!’ ही बातमी ऑगस्टात येते आणि चवथीपर्यंत सगळ्या गटांतून फिरून होते. तिचं मूळ चक्क खरं आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. साधारण ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आलेला नव्हता. तेव्हाच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं, की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिलं, तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल. हिशेब चोख आहे. आकाशात मंगळाचा व्यास तेव्हा सुमारे २५ विकला होता आणि चंद्राचा असतो सुमारे ३१ कला, म्हणजे १,८६० विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). भागून बघा, ७५ च्या आसपासच येतं. पण ते वाक्य दोन ओळींत तुटलं होतं, दुर्बीण वरच्या ओळीत आणि चंद्र खालच्या. कुणीतरी खालची ओळ तेवढी उचलली आणि पुढे ढकलली. वर्ष लिहायचं राहून गेल्यामुळे ती बातमी दरसाल ताजी. मंगळ पृथ्वीच्या जवळ येतो तो सुमारे २६ महिन्यांनी एकदा, आणि ऑगस्टशी त्याने कसलाही करार केलेला नाही.

हे सगळं अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या कुठल्याही ओसरीवर बसून सांगून बघा. समोर बदाबदा पाऊस, ढग माडांच्या शेंड्यांना टेकलेले, मंगळ सोडाच, शेजाऱ्याचं घर दिसेना. त्यात चवथीच्या रात्री चंद्राकडे बघायचीच बंदी. बघितलं तर चोरीचा आळ येतो, स्यमंतक मण्याच्या कथेतला. म्हणजे मंगळ चंद्राएवढा झालाच तर ताडून बघणार कशाशी? आणि त्या दिवशीचा चंद्र असतो कोरीएवढा, तोही दिवेलागणीनंतर दोनेक तासांत मावळणारा. माझ्या मते हा मुद्दा बिनतोड आहे. आते मात्र शांतपणे विचारते, ‘मग २२८७ साल त्यांनी काय उगीच लिहिलंय?’ तिथेच माझी पंचाईत होते, कारण ते साल बरोबर आहे. त्या वर्षी मंगळ २००३ पेक्षाही किंचित जवळ येणार आहे.

दुसरी बातमी वैश्विक (कॉस्मिक) किरणांची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांची. ‘आज रात्री १२.३० ते ३.३० या वेळेत कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाईल अंगाजवळ ठेवू नका.’ वेळ कायम तीच. किरण अगदी रेल्वेच्या वेळापत्रकावर. खरं म्हणजे हे किरण जातच नाहीत कुठे. ते येतच असतात, दिवसरात्र. व्हिक्टर हेस नावाच्या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर जाऊन दाखवलं, की जितकं वर जावं तितकं हे प्रारण वाढतं, म्हणजे ते बाहेरून येतं. त्याबद्दल त्याला १९३६ चं नोबेल मिळालं. हे किरण हवेवर आदळून जे कण तयार होतात, त्यांतले म्युऑन समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक या हिशेबाने पडतात. नैवेद्याला पुढे केलेल्या तळहातातून सेकंदाला एखाद-दुसरा आरपार जातो. मोबाईलचंही तेच, तो चालू असो वा बंद.

अगदी वाचवायचाच असेल तर मोबाईल कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोनेक किलोमीटर खाली नेऊन ठेवावा लागेल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ याच म्युऑनांचा त्रास चुकवायला उपकरणं घेऊन तिथे उतरले होते, आणि १९६५ साली त्यांना तिथे वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो, म्हणजे जमिनीतूनही सहज आरपार जाणारे कण, सापडले. आमच्या डिचोली-सांग्याच्या खाणी उघड्या, त्यांचा या कामी काही उपयोग नाही. एवढं ऐकल्यावर काका म्हणतात, ‘बरं तर बरं, पण रात्री बंद ठेवायला काय जातंय?’ काहीच जात नाही. झोप बरी लागते. त्या बातमीतला तेवढाच सल्ला पाळण्यालायक आहे.

तिसरा विषय तांदळाचा, आणि इथे मला जरा बसून बोलावं लागतं, कारण विसर्जनाला व्हिडिओ काढता काढता दरसाल कुणाचा तरी मोबाईल गणपतीच्या पाठोपाठ पाण्यात उतरतोच. तो वर काढला की चार तोंडांतून एकच शब्द निघतो, ‘तांदूळ!’ मग डब्यातले उकडे तांदूळ परातीत ओतले जातात आणि मोबाईल त्यात पुरला जातो.

आता तांदूळ म्हणजे काय ते बघा. साठवणीच्या दाण्यात मुळातच बारा ते चौदा टक्के ओलावा असतो. त्यात आपला पावसाळा, हवेत इतकं पाणी की मिठाची बरणी पाझरते आणि पापड हातात वाकतो. त्या हवेत महिनोन् महिने राहिलेला दाणा आणखी पाणी काय ओढणार? उलट त्याचा भुगा आणि कणी चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते आणि आतल्या ओलीत तिची खळ होते. ॲपलने २०२४ च्या सुरुवातीला आपल्या सूचनांत स्पष्टच सांगितलं, की फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं. त्या वेळी जगभर त्याची बातमी झाली. आमच्या परातीपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

करायचं ते असं. फोन लगेच बंद करा. चालतोय का हे बघायला मध्येच चालू करू नका, पाण्यापेक्षा त्या वेळी वाहणारी वीज जास्त घात करते. कव्हर काढा, सिमचा ट्रे बाहेर ओढा. चार्जिंगचं तोंड खाली धरून तळहातावर हलकेच आपटा, जमेल तेवढं पाणी निघू द्या. मग पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवा. अर्ध्या तासाच्या आत चार्जर लावायचा नाही, आणि लावल्यावर ओलीची सूचना आली तर काढून पुन्हा वाऱ्यात ठेवायचा. पुरतं सुकायला दिवसभरही लागतो. केस वाळवायचं यंत्र नको, उष्णतेने आतला डिंक सुटतो आणि पाणी अडवणारी रबरी कड सैल पडते. कानातली कापसाची काडीही नको, तिचे धागे आत राहतात. नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवल्या असतील तर त्या घट्ट डब्यात फोनसोबत घाला. कुठल्याही तांदळापेक्षा त्या बऱ्या.

हे झालं तळी, ओहोळ, नदी यांच्या गोड्या पाण्याचं. विसर्जन समुद्रात किंवा खाडीत असेल तर प्रकरण वेगळं. खोक्यावर आयपी ६८ हा पाणी-धुळीला दाद न देण्याचा दर्जा छापलेला असतो खरा, पण ती परीक्षा गोड्या पाण्यातली. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकतं आणि मीठ मागे उरतं, आणि हवेतली ओल पिऊन ते आतलं तांबं हिरवं करत राहतं. म्हणून फोन पाण्याला दाद न देणाऱ्यांतला असेल, तर खाऱ्या पाण्यातून काढल्यावर तो आधी गोड्या पाण्याने हलकेच धुवायचा आणि मगच सुकवायचा. हा सल्ला कंपन्याच देतात, आणि घरात तो उच्चारून बघाच. ‘भिजलेला मोबाईल परत पाण्यात? शिकलो म्हूण कितें जालें!’ अशी सुरुवात होते आणि माझ्या पदवीवरून घसरत घसरत लग्नापर्यंत जाते. परातीतले ते तांदूळ दुसऱ्या दिवशी पेजेला जातात, त्याबद्दल मात्र कुणाची तक्रार नसते.

सिनेमाच्या बातम्या यापुढे किरकोळ. अमक्या चित्रपटाच्या पुढच्या भागाचा ट्रेलर म्हणून जे फिरतं, त्यातलं पुष्कळसं आता एआयने घरबसल्या केलेलं असतं. निर्मात्या कंपनीच्या यूट्यूब वाहिनीवर ते आहे का बघायचं, आणि खालचं वर्णन पुरतं उघडून वाचायचं. ‘कन्सेप्ट’ (म्हणजे नुसती कल्पना) हा शब्द तिथे तळाशी अंग चोरून बसलेला असतो. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरतो, तेव्हापासून ‘यंदा अमका तमका नट येणार’ ही आवई दर ऑक्टोबरात उठते. ती मी खोडत नाही. नट येतो किंवा येत नाही, वाहतूक दोन्ही वेळा तेवढीच तुंबते.

एआयने काढलेली चित्रं ओळखायची युक्ती म्हणून वर्तमानपत्रांनी सांगितलं होतं, की हाताची बोटं मोजा. ती युक्ती आताशा तशीही जुनी झाली. चवथीत तर तिने माझी फजितीच होते, कारण येणारी सगळी चित्रं गणपतीची. हात चार, कधी आठ, एकात मोदक, एकात परशू, आणि बोटं मोजायला बसलं की आजी विचारते, ‘देवाची बोटं मोजतोस?’ मी मग बाकीचं बघतो. मागच्या पाटीवरची देवनागरी अक्षरं अक्षरंच आहेत की नुसत्या रेघोट्या, समईच्या वाती ज्योतीला लागल्यात की अधांतरी. दात डावीकडचा मोडलेला की उजवीकडचा, यात मी पडत नाही. तो वाद एआयच्या कितीतरी आधीचा आहे.

एका बाबतीत मात्र आजी दरवेळी बरोबर निघते. ढग गडगडला की ती टीव्हीची, फ्रिजची आणि राउटरची पिन ओढून काढते. बटण बंद करून भागत नाही, तिला पिन बाहेरच हवी. तिचं कारण असं, की वीज टीव्हीचा उजेड बघून येते. कारण चुकीचं, कृती शंभर टक्के बरोबर. दूरवर कुठे वीज पडली तरी तारेतून दाब उसळून येतो. बटणाच्या आत दोन टोकांमधलं अंतर असतं काही मिलिमीटर, आणि जी वीज ढगातून जमिनीपर्यंत आली ती तेवढ्याने थोडीच अडणार? फायबर काचेचा, त्यातून वीज येत नाही. पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतल्या तारेलाच जोडलेला, आणि डिशची केबल तर छपरावरून थेट टीव्हीच्या पोटात. ती केबलही काढायची. चार्जरला न लावलेला मोबाईल घरात बसून वापरायला हरकत नाही, वीज त्याला हुडकत येत नाही. हे मी सांगितल्यावर आजी म्हणते, ‘ते मला ठाऊक आहे.’ आणि मोबाईलही बंद करायला लावते.

उरला प्रश्न असा, की खोटी बातमी ओळखायची कशी. याची सोय व्हॉट्सॲपने आपल्या परीने केलेली आहे. भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असं २०१८ मध्ये ठरलं. फार हातांतून फिरलेल्या निरोपावर दुहेरी बाण येतो आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ अशी पाटी लागते. एप्रिल २०२० पासून असला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी ढकलता येतो. पाटीचा हेतू असा, की बघणाऱ्याने जरा थबकावं. आतेने ती पाटी मला बोट ठेवून दाखवली. ‘बघ, एवढ्या लोकांनी पाठवलाय, म्हणजे तपासूनच पाठवला असणार.’ आणि एका वेळी एकच जातो म्हणून काही अडत नाही. नेवऱ्या तळून झाल्यात, खतखतें चुलीवर आहे, हात मोकळे आहेत. तिने मंगळ आधी माहेरच्या गटात टाकला, मग सासरच्या, मग भजनी मंडळाच्या, आणि आता ‘हाऊसिंग सोसायटी, बी विंग’ शोधतेय.