ढेकणांचा ‘तीन दिवसांत नायनाट’: त्या मेसेजमधलं काय मानू नये

ढेकणांवरचा एक मेसेज सोसायटीच्या, नात्यातल्या, शाळेच्या अशा सगळ्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात तो असा: ढेकूण फक्त अस्वच्छ घरात होतात. ओळीत तीन गांधी उठल्या की ढेकूण समजा. गादी उन्हात टाका, खाली डांबराच्या गोळ्या ठेवा, फटीत रॉकेल सोडा किंवा स्प्रे मारा. खोली महिनाभर बंद ठेवली की उपाशी मरतात. तरीही राहिले तर धान्यात ठेवायच्या गोळ्या खोलीत ठेवून दार लावून घ्या, तीन दिवसांत नायनाट.

मी लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळे, म्हणून सुरुवातही तिथूनच करते.

धान्याच्या कोठीत ठेवतात त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतला दमटपणा लागला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो ढेकूण मारतो हे खरं, पण माणसालाही मारतो आणि त्यावर उतारा नाही. दवाखान्यात रुग्णाला तगवून धरता येतं, एवढंच. दार लावलं म्हणून हा वायू खोलीत बसून राहत नाही. दाराखालच्या फटीतून, एसीच्या भोकातून, वायरींच्या पाइपातून तो पलीकडच्या घरात पोचतो. एका खोलीत गोळ्या ठेवून दुसरीत झोपलेली माणसं आणि शेजारच्या घरातली लहान मुलं आपल्या देशात अशी गेली आहेत. घात असा होतो, की सुरुवात मळमळ आणि उलट्यांनी होते. घरचे समजतात बाहेरचं खाणं बाधलं, आणि सगळे त्याच घरात पडून राहतात.

सरकारी नियमांप्रमाणे या गोळ्यांचं काम तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचं असतं. दुकानदाराने सुट्या पुडीत बांधून दिल्या तरी घेऊ नका. कुणी ठेवल्याच असतील आणि कुणाला उलटी झाली, तर सगळ्यांनी आधी मोकळ्या हवेत या, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की घरात धान्याच्या गोळ्या ठेवल्या होत्या.

रॉकेलचं एका ओळीत सांगते: गादी, प्लायवूड आणि रॉकेल एकत्र आलं की ठिणगीचीच वाट बघायची. सॅनिटायझर फवारणाऱ्यांनाही हेच लागू.

आता अस्वच्छतेचं. झुरळाला खरकटं लागतं, ढेकणाला फक्त रक्त लागतं. लादी आरशासारखी पुसलेली असली तरी त्याला फरक पडत नाही. पसाऱ्यामुळे त्याला लपायला जागा जास्त मिळते, इतकाच पसाऱ्याचा वाटा. तो उडत नाही, उडी मारत नाही. आपणच त्याला बॅगेतून, जुन्या सोफ्यातून, प्रवासातल्या अंथरुणातून घरी आणतो. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये थिएटर आणि रेल्वेच्या सीटवर ढेकूण दिसल्याच्या बातम्यांनी केवढी खळबळ उडाली होती. आमच्या घरी ते लेकीच्या होस्टेलच्या बॅगेतून आले. पहिले दोन महिने मी कुणाला सांगितलं नाही, कारण हाच समज माझ्याही डोक्यात होता. त्या दोन महिन्यांत ते एका दिवाणावरून दोन खोल्यांत पसरले. लाजेची किंमत अशी मोजावी लागते, म्हणून हा मुद्दा मला गोळ्यांच्या खालोखाल महत्त्वाचा वाटतो.

गांधींवरून निदान होत नाही. एकाच अंथरुणावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाचं अंग सुजतं, दुसऱ्याला काहीच होत नाही. कधी चावल्यावर कित्येक दिवसांनी खाज सुटते. डासही ओळीने चावतात. बोटांच्या बेचक्यात खाज असेल, रात्री वाढत असेल आणि घरातल्या सगळ्यांना असेल, तर आधी खरजेसाठी डॉक्टरांना दाखवा. ढेकणांमुळे माणसाला रोग लागल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका.

पुरावा शोधायचा तो पलंगावर. रात्री टॉर्च आणि एखादं जुनं एटीएम कार्ड घ्या. गादीच्या कडेचा गोट उलटवून बघा, मग पलंगाच्या सांध्यातून कार्ड फिरवा. आमच्या दिवाणाची फळी काढली तेव्हा स्क्रूच्या भोकाभोवती शाईपेनाची निब टेकवल्यासारखे काळे ठिपके होते. ओल्या कापडाने पुसल्यावर ते तपकिरी होऊन फासले. ती ढेकणांची विष्ठा. शेजारी लसणाच्या टरफलासारख्या पारदर्शक काती, फटीत चिकटलेली मिलिमीटरभर पांढरी अंडी आणि मसुरीएवढे चपटे, तांबूस मोठे ढेकूण. तो कुबट वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

याच फळीमुळे मला कळलं की गादी उन्हात टाकून का भागत नाही. बहुतेक ढेकूण गादीत नव्हतेच, लाकडात होते. शिवाय उन्हात गादीचा वरचा थर तापतो, आतला कापूस नाही, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. उष्णतेने ते मरतात हे मात्र अगदी खरं. पन्नास अंश सेल्सिअसच्या वर अंडीसुद्धा टिकत नाहीत, पण ती उष्णता फटीच्या तळापर्यंत पोचायला हवी. माझी आजी नवारीची खाट अंगणात उभी करून तिच्या सांध्यांत किटलीने उकळतं पाणी ओतायची. तो उपाय आजही लोखंडी खाटेला चालतो. प्लायवूडला वाफेचं यंत्र बरं. चादरी, अभ्रे साठ अंशांच्या पाण्यात धुवा आणि शिवणींवरून कडक इस्त्री फिरवा.

डांबराच्या गोळ्यांच्या वासाने भरलेल्या खोलीत आपलं डोकं दुखतं, ढेकूण राहतात.

उपाशी मारण्याचा हिशेबही चुकतो. थंड हवेत मोठा ढेकूण खाण्यावाचून कित्येक महिने काढतो. आपल्या उन्हाळ्यात लवकर मरत असेल, तरी महिनाभर खोली बंद ठेवून खात्री देता येत नाही. तोवर आपण हॉलमध्ये झोपायला लागतो, आणि आपल्या श्वासाच्या व अंगाच्या उबेच्या मागावर ते हॉलमध्ये येतात. म्हणून झोपायची जागा बदलू नका.

स्प्रेचं म्हणाल तर ढेकूण औषधांना फार पूर्वीपासून सरावलेले आहेत. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण हवाईतल्या पर्ल हार्बरला १९४७ मध्येच सापडले होते. डास-झुरळांच्या स्प्रेमध्ये असतात त्या पायरेथ्रॉइड औषधांचीही आता तीच गत आहे. शिवाय बहुतेक औषधं अंड्यांना मारत नाहीत. सहा ते दहा दिवसांत पिल्लं बाहेर येतात, म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याने दोन आठवड्यांनी दुसरी फेरी केलीच पाहिजे. पैसे ठरवतानाच ही फेरी ठरवून घ्या आणि औषधाचं नाव लिहून मागा. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर आपल्याकडे २०२० च्या अखेरपासून बंदी आहे.

आम्हाला तीन दिवस नव्हे, अडीच महिने लागले. दिवाण स्क्रूपर्यंत सुटा केला, दर रविवारी व्हॅक्यूम आणि वाफ, मग फटी लांबी (पुट्टी) भरून बुजवल्या. पलंग भिंतीपासून वीतभर लांब ओढला आणि चादर जमिनीला टेकू दिली नाही. मुंग्यांसाठी कपाटाच्या पायांखाली ठेवतात तशा पाण्याच्या वाट्या पलंगाच्या पायांखाली ठेवल्या. परदेशी व्हिडिओत कोरडी गुळगुळीत वाटी दाखवतात, पण उष्ण प्रदेशातल्या आपल्या ढेकणाच्या पायांना गुळगुळीत भिंतही चढता येते. म्हणून वाटीत थोडं साबणाचं पाणी घाला. रोज सकाळी त्यात किती सापडले ते मी कॅलेंडरवर लिहायचे. शेवटचे तीन आठवडे शून्य लिहिलं, आणि मग वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांच्या पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे तेच काळे ठिपके निघाले. त्याही लाजेने गप्प होत्या.