भिजत घातलंत का?

रात्री अकराला दिवा मालवला की बरोबर तिसऱ्या मिनिटाला अंधारातून प्रश्न येतो, "अहो, भिजत घातलंत का?" काय, ते विचारायची सोय नाही. उद्या काय शिजणार, हे घरातल्या माणसाला ठाऊक हवंच.

निवृत्त झाल्यापासून हे खातं माझ्याकडे आलंय. "आयुष्यभर कचेरीत प्रकरणं भिजत घातलीत, आता कडधान्यं घाला," असं म्हणून हिने ते माझ्या गळ्यात मारलं.

प्रकरणं बरी होती. त्यांना पाणी मोजून लागत नव्हतं. मटकीचं ठीक आहे, ती रात्रभर ढोसते आणि सकाळी फुगून भांड्याबाहेर डोकावते. कडव्या वालांचा थाट मोठा. भिजवा, उपसा, फडक्यात बांधून मोड आणा, पुन्हा कोमट पाण्यात टाकून सोला. बुधवारी बिरडं खायचं तर सोमवारी कामाला लागायचं. आणि पोहे? "भिजवा" म्हणाली म्हणून मी खरोखर भिजवले. पेपर वाचून येईपर्यंत त्यांची खळ झाली होती. पोहे भिजवायचे म्हणजे चाळणीत धरून नुसते धुवायचे, हे साठ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण खरा आतल्या गाठीचा तो साबुदाणा. पाणी म्हणे 'वर अर्धं पेर' ठेवायचं. कुणाचं पेर? हिचं की माझं? आषाढीच्या आदल्या रात्री मला वरच्या दाण्यांची दया आली, म्हणून जाता जाता अर्धी वाटी पाणी आणखी घातलं. साबुदाणा म्हणजे शेवटी तमिळनाडूत, सेलमकडे, टॅपिओकाच्या कंदापासून केलेल्या पिठाच्या गोळ्या. पाणी दिसलं की मूळपदावर जायला टपलेल्या. सकाळी पातेलं उलटं केलं तरी काही पडेना.

"पोस्टर चिकटवायला जा आता," ही म्हणाली.

मग उकडलेले बटाटे, दाण्याचं कूट, मिरच्या, जिरं असं सगळं त्या गोळ्यात कोंबून तिने वडे तळले. मुलाने सहा खाल्ले. "खिचडीपेक्षा हेच बरं," म्हणाला.

"म्हणूनच पाणी मुद्दाम जास्त घातलं होतं," मी म्हणालो.

ही काही बोलली नाही. रात्री अकराला दिवा मालवला. तीन मिनिटं गेली.

"अहो, छोले भिजत घाला. आणि मुद्दाम काही करू नका."