गॅलरीतून दिसणाऱ्या झाडांचे किती?

भय्यानं मोबाईल ओट्यावर ठेवला आणि म्हणला, "बघा. आणि आज सगळ्यांनी खरं काय ते बोला. उद्या फ्लॅटचं टोकन द्यायचंय."

छत्रपती संभाजीनगरात त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडं एका कायम बंद असलेल्या दुकानाचा ओटा आहे. दहा-बारा वर्षं झाली, संध्याकाळी आम्ही तिथंच बसतो. जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले मास्तर, दिवाणी कोर्टात वकिली करणारा वकील, सेंट्रिंगची कामं घेणारा भाई, औषधांच्या कंपनीत असलेला भय्या आणि मी. लेकरांची लग्नं, शेताच्या वाटण्या, सगळं याच ओट्यावर बोलून झालेलं आहे. घराचा विषय मात्र या वेळी दोन तास चालला, आणि त्यात माझं स्वतःचं मत एकदा नाही, दोनदा फिरलं.

मोबाईलवर फोटो होता. सिडकोत, म्हणजे सिडको महामंडळानं वसवलेल्या वसाहतीत, एका बागेसमोर नवीन सहा मजली बिल्डिंग उभी राहायलीय. तिसरा मजला, टू बीएचके, कार्पेट ७२० चौरस फूट, सांगायची किंमत ७८ लाख. गॅलरीतून सरळ कडुनिंबाचे शेंडे दिसतात. त्याच बागेपासून दहा मिनिटांवर, मेन रोडच्या पलीकडं, तेवढ्याच क्षेत्रफळाचा जुना फ्लॅट ६१ लाखाला मिळायलाय. भय्याचं मन पहिल्यावर बसलेलं होतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं.

"मधले १७ लाख कशाचे रे?" वकिलानं विचारलं.

"नवीन बांधकाम आहे, लिफ्ट आहे, पार्किंग आहे. आणि बाग. बिल्डरनं गार्डन फेसिंगचे वेगळे लावलेत."

"म्हणजे मनपाच्या बागेचे पैसे बिल्डर घेणार," मी म्हणलो. मला तिथंच राग आला होता. का आला ते पुढं सांगतो.

आधी हिशोब. १७ लाख जास्तीचे कर्जातूनच जाणार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे सतरा लाखाला महिन्याला पावणेपंधरा हजार. वीस वर्षांत ३५ लाख ४० हजार. नवीन बांधकामाला भोगवटा, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा मनपाचा दाखला, मिळालेला नसेल तर वरून पाच टक्के जीएसटी, ३ लाख ९० हजार. जुन्या फ्लॅटला तो लागत नाही. मुद्रांक शुल्क आपल्या मनपा हद्दीत सहा टक्के धरायचं. एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी, पण नवरा-बायको दोघांची नावं लावली की ती सूट जाते. वर तीस हजार नोंदणी फी. वकिलानं भय्याला बजावलं की पन्नास लाखाच्या वरचा व्यवहार आहे, तर एक टक्का टीडीएस, म्हणजे आयकर, विकणाऱ्याच्या पैशातून कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, विसरलास तर नोटीस तुला येईल.

"हे सगळं मी केलंय," भय्या म्हणला. "बँक ८० टक्क्यांपर्यंत देते. उरलेलं गावाकडची तीस गुंठे विकून होईल."

तीस गुंठे म्हणल्यावर मास्तर पहिल्यांदा बोलले. "कुणाची जमीन ती?"

"दादांची."

भय्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो, मागच्या वर्षी अंबाजोगाईकडून इकडं आणले. गुडघे गेलेत, श्वास लागतो. गारखेड्यातल्या भाड्याच्या घरात ते दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. समोर शेजारच्या बिल्डिंगची प्लंबिंगची पाइपं. एकदा मी गेलो तर मला म्हणले, "इथं सावली पडती, पण झाडाची न्हाई." हे वाक्य मी ओट्यावर सांगितलं नव्हतं. भय्याला ठाऊक असणारच.

मास्तर म्हणले, "मग घे. डोळे झाकून घे. ज्या माणसानं साठ वर्षं बांधावरच्या कडुलिंबाखाली भाकर खाल्ली त्याला तू पाइप दाखवतोस. त्याची तीस गुंठे त्याच्याच डोळ्यांपुढं हिरवी झाली तर वाईट काय?"

यावर कोण काय बोलणार. मी मात्र बोललो, कारण हेच मीही एकदा केलं होतं.

२०१३ मध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला मी फ्लॅट घेतला. ब्रोशरवर समोर हिरवा चौकोन, त्यात घसरगुंडी, चालायचा ट्रॅक. जाऊन बघितलं तर बाभळी होत्या, पण विकास आराखड्यात तिथं खरंच उद्यानाचं आरक्षण होतं. मी नकाशा बघितला होता, खोटं काही नव्हतं. विचारायचं राहिलं ते एवढंच की आरक्षण आहे, पण जमीन कुणाची? जमीन खाजगी मालकाची होती. मनपानं कधी ताब्यात घेतलीच नाही. मालकानं नोटीस दिली, मुदत संपली, आरक्षण गेलं. आज माझ्या हॉलच्या खिडकीपासून अकरा फुटांवर भिंत आहे आणि दुपारी दोनला दिवा लावावा लागतो. लेक लहान होती तेव्हा रोज विचारायची, पप्पा घसरगुंडी कधी येणार. तिला मी दोन वर्षं खोटं सांगितलं. त्याचा सल अजून आहे.

वकिलानं कायदा समजावून सांगितला, तो मला तेव्हा कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, त्याचं कलम १२७. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं आणि जमीन मोकळी. मनपाकडं पैसा नसतो आणि तारखा निघून जातात. आपल्या शहराच्या वाढीव हद्दीचा आराखडा तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला.

"म्हणून नकाशावरचा हिरवा रंग बघू नको," तो भय्याला म्हणला. "ज्या जमिनीवर बाग आहे तिचा सर्व्हे नंबर काढ. पीआर कार्ड, म्हणजे मालकीचा उतारा, कुणाच्या नावावर ते बघ. नगररचना विभागात भाग नकाशा आणि झोन दाखला माग. सिडकोनं ले-आउट करतानाच मोकळी ठेवलेली आणि मनपाला दिलेली जागा असेल तर चिंता कमी. तिचा वापर बदलायचा तर शासनाची मंजुरी, हरकती, सूचना, सगळं करावं लागतं. खाजगी असेल तर उद्या तिथं काय होईल ते तुझा बिल्डरही सांगू शकत नाही. आणि हो, ज्या प्लॉटवर बिल्डिंग आहे तो सिडकोच्या भाडेपट्ट्याचा आहे की फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीचा, झाला, तेही बघ. ट्रान्सफरला परवानगी आणि फी कुणी भरायची ते करारात लिहून घे. महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर टाकून प्रकल्प बघितलास का?"

"बघितला. आहे."

"करार नोंदवायच्या आधी दहा टक्क्यांच्या वर एक रुपया द्यायचा नाही. मागत असेल तर उठून ये."

भाई इतका वेळ गप्प होता. त्याचा मुद्दा एकच होता आणि तो मला सगळ्यात मोठा वाटला. "बाग बाग करायलेत सगळे. पाणी विचारलं का कुणी?"

त्यानं त्या बाजूला दोन साइटवर काम केलंय. एक बोअर कोरडी गेली, दुसरीला उन्हाळ्यात पाणी नसतं. पैठणहून जायकवाडीचं पाणी या शहरात येतं, ते नळाला रोज येत नाही हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन २०२० मध्ये झालं, पुढं खर्च वाढला. भाई म्हणला, "योजना येईल तेव्हा येईल. तू आज वॉचमनला विचार, नळ किती दिवसांनी येतो, मे महिन्यात टँकर किती लागले. सहा मजल्यांचे चोवीस फ्लॅट, खाली टाकी केवढी? बागेला पाणी कुठून देतात तेपण बघ. टँकर बंद झाला तर लॉन दोन महिन्यांत जातं. लिंब राहतील. लॉनचे पैसे देऊ नको."

वकील मूळचा लातूरचा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा त्याची आई तिथं एकटी होती. तो नुसता मान हलवत राहिला.

इथं मास्तरांनी नेहमीप्रमाणं जुनं काढलं, आणि काढलं ते बरंच झालं. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं आणि त्यासाठी नहरी केल्या. डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून उतारानं शहरात आणलं. पुढं नहरीच्याच पाण्यावर पाणचक्की फिरली, हिमायतबागेसारख्या बागा जगल्या. "आधी पाणी आणायचे, मग झाड लावायचे, मग घर बांधायचे," मास्तर म्हणले. "आपण उलटं करायलोत."

तोवर माझं मत पक्कं झालं होतं: पलीकडचा जुना फ्लॅट घ्यायचा, सतरा लाख वाचवायचे, जमीन ठेवायची आणि बागेत रोज दहा मिनिटं चालत जायचं. बाग बघायला नसते, जायला असते. मी हे जोरात मांडलं. वकिलानं उचलून धरलं. भय्या गप्प झाला.

मग भाईनं विचारलं, "दहा मिनिटं कुणाच्या पायानं?"

ती दहा मिनिटं भय्यानं मोटारसायकल लावून स्वतः चालून मोजलेली. मधे मेन रोड. सिटी बस, रिक्षा, कंपन्यांच्या गाड्या. सिग्नल आहे पण पिवळा लुकलुकत असतो. दादांचे गुडघे गेलेले. जो माणूस जिन्याच्या चार पायऱ्यांना दोनदा थांबतो त्याला तो रस्ता ओलांडायला सांगायचा? तो एकदा जाईल, लेकाचं मन ठेवायला. दुसऱ्या दिवशी खिडकीत बसेल. मला माझ्या मताची लाज वाटली असं नाही, पण मी सतरा लाखाकडं बघत होतो आणि माणूस रस्त्याच्या पलीकडं राहिला होता, हे खरं.

म्हणून आम्ही एक ठरवलं. टोकन उद्या द्यायचं नाही. रविवारी पहाटे दादांनाच बागेत न्यायचं.

गेलो. साडेसहाला भाईच्या गाडीतून. दादांनी धोतर नेसलं होतं, काठी घेतली होती. गेटपासून पहिल्या लिंबापर्यंत सव्वाशे पावलं, ती त्यांनी एकदा थांबून चालली. बुंध्याला हात लावला, वर बघितलं, मग कट्ट्यावर बसले. शेजारी त्यांच्याच वयाचे तिघं बसलेले. एक वसमतचे, दुसरे गेवराईचे. पाच मिनिटांत पाऊसपाण्याचं आणि तुरीच्या भावाचं बोलणं सुरू झालं. अर्धा तास आम्ही चौघं लांब उभे होतो आणि दादांनी आमच्याकडं एकदाही बघितलं नाही.

निघताना भय्यानं त्यांना समोरची बिल्डिंग दाखवली. "दादा, त्या तिसऱ्या मजल्यावरनं हे सगळं दिसतंय."

दादा म्हणले, "वरनं बघून काय करू? मला इथं बसायचंय."

मग आम्ही बागेच्या मागची गल्ली धरली. मेन रोड मधे येत नाही अशी, बागेच्या मागच्या फाटकाला लागून. तिथं दोन जुन्या तीन मजली बिल्डिंगा आहेत. एकीच्या तळमजल्यावर 'विकणे आहे' असा कागद, उन्हानं अक्षरं उडालेली. गॅलरीतून बाग दिसत नाही, समोरच्या घराचा जिना दिसतो. फाटकापर्यंत दादांच्या पायानं सत्तर-ऐंशी पावलं. भाईनं भिंतीला हात लावून ओल बघितली, खालच्या टाकीचं झाकण उचलायला लावलं. वकिलानं विचारलं, भोगवटा आहे का, जमीन बिल्डरच्याच नावावर आहे का सोसायटीच्या. १९६३ च्या मोफा कायद्यानं, म्हणजे फ्लॅटच्या मालकीच्या कायद्यानं, ती सोसायटीच्या नावावर करून द्यायला हवी, पण जुन्या बिल्डिंगांत ते कित्येकदा राहूनच जातं. दार उघडणाऱ्या काकूंना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी चहा मात्र केला. किंमत अजून कळलेली नाही, मालक पुण्याला असतो.

भय्या सोमवारी नगररचना विभागात चाललाय, बागेचा सर्व्हे नंबर घेऊन. मी सुट्टी टाकलीय, सोबत जायचंय.