पार्किंगमधलं घडीचं टेबल आणि उपटलेले दोन स्क्रू

नमस्कार मालक,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि थोडा तापलो. सकाळी चहा घेता घेता पुन्हा वाचली, तेव्हा निम्मी पटली. म्हणून चार ओळींत उडवून न लावता सविस्तर लिहितोय.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून सांगतो. मागच्या महिन्यात मी आमच्या पार्किंगच्या भिंतीवर घडीचं कामाचं टेबल कसं बसवलं ते लिहिलं होतं. चार फूट लांब, वीस इंच रुंद, १९ एमएमचा प्लाय, खाली बाजारात मिळणारे दोन घडीचे ब्रॅकेट. त्यावर तुम्ही, म्हणजे वीस वर्षं फॅब्रिकेशन केलेल्या माणसानं, चार गोष्टी सुनावल्या. एक, ‘हे प्लास्टर घेऊन खाली येणार, लिहून ठेवा.’ दोन, ‘टेबल उघडायला गाडी बाहेर काढावी लागते, मग जागा वाचली कुठं?’ तीन, ‘आपले सुतार जमिनीवर बसून, पायात लाकूड धरून दारं-खिडक्या करत आले, हे उभ्यानं काम करायचं खूळ बाहेरचं.’ आणि चार, ‘तुम्ही पेन्शनवाले व्हिडिओ बघून असले उद्योग करता आणि आमच्या पोटावर पाय देता.’

पहिल्या मुद्द्याबद्दल: लिहून ठेवायची गरज नाही. आलंय खाली.

पूर्ण नाही, पण आलं. तुमची प्रतिक्रिया पडायच्या चार दिवस आधी. व्हाइसमध्ये अर्धा इंची पाइप आवळून कापत होतो, रेटा द्यायला पुढच्या कडेवर डावा हात टेकवला आणि ‘टच्’ असा बारीक आवाज झाला. वाकून बघतो तर डाव्या ब्रॅकेटचे वरचे दोन स्क्रू गिट्टीसकट (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात ठोकतात ती) तीन-चार मिलिमीटर बाहेर, आणि त्यांच्या वर प्लास्टरला चंद्रकोरीसारखी चीर. हे तेव्हाच इथं लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण लाज वाटली. मधल्या दिवसांत कुणी माझं बघून तसंच टेबल ठोकलं असेल, तर त्यांनी आज त्यावर वजन टाकू नये.

चूक स्क्रूची नव्हती, हिशोबाची होती, आणि तो मी लेखात केलाच नव्हता. ब्रॅकेटच्या डब्यावरचा आकडा उचलून ‘१०० किलो आरामात’ असं लिहून मोकळा झालो. आता करतो. मी पुढच्या कडेवर ६० किलोचा रेटा दिला. भिंतीपासून ती कड २० इंच. गुणाकार १२००. ब्रॅकेटच्या उभ्या पायात वरच्या आणि खालच्या स्क्रूंमधलं अंतर होतं ८ इंच. १२०० भागिले ८, म्हणजे वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपटणारी ओढ १५० किलोंची. दोन ब्रॅकेट, म्हणून एकेकाच्या वाट्याला ७५. मी रेटला ६० किलो आणि भिंतीनं सोसला १५०. ब्रॅकेट तेवढाच आडवा पण १६ इंच उंच असता तर हीच ओढ निम्मी झाली असती. दुकानात आपण बघतो ती पत्र्याची जाडी. उंची कुणी बघत नाही, मीही बघितली नाही.

दुसरी चूक भोकाची. ब्रॅकेट काढून गिट्टी हातात घेतली तर तिच्या टोकाला करडी भुकटी, लाल कणही नाही. म्हणजे गिट्टी अर्धी प्लास्टरमध्ये आणि अर्धी दोन विटांच्या सांध्यात. तुम्हाला हे सांगायला नको, पण नवख्या वाचकांसाठी लिहितो: ड्रिल मारताना खाली पडणाऱ्या भुकटीच्या रंगाकडे लक्ष ठेवा. आधी करडी येते, ते प्लास्टर. मग लाल आली की वीट लागली. लाल यायच्या ऐवजी करडीच येत राहिली, तर सांध्यात शिरलात, भोक इंच-दीड इंच वर किंवा खाली घ्या. पांढरी, पिठासारखी मऊ भुकटी आली तर भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची आहे. तिथं साधी गिट्टी धरतच नाही, एक तर भिंतीच्या आरपार बोल्ट घेऊन पलीकडून पट्टी लावा, नाहीतर टेबलाला चारही पाय द्या. आणि भोकातली भुकटी सायकलच्या पंपानं उडवून काढा, नाहीतर गिट्टी पिठातच बसते.

आता मी काय बदललं ते. ब्रॅकेट दोन्ही काढून टाकले. भिंतीवर आडवी, टेबलाएवढी लांब, तीन बाय दोन इंचाची सागवानी पट्टी मारली. (सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, एका घरी जुना हातमाग मोडून ठेवला होता, त्याच्या चौकटीतला तुकडा. इतकं कोरडं लाकूड वखारीत मागूनही मिळालं नसतं.) दहा एमएमच्या लांब नायलॉन गिट्ट्या, षटकोनी डोक्याचे पाच इंची स्क्रू, एकूण पाच. पाच इंच ऐकून आमचा मुलगा हसला. पण त्यातले दोन इंच पट्टीत जातात, पाऊण इंच प्लास्टरमध्ये, आणि प्लास्टर काही धरत नाही. विटेत उरतात जेमतेम सव्वादोन.

टेबलाची मागची दीड इंच कड आता या पट्टीवर नुसती बसते. बिजागऱ्या चार इंची, तीन. एक पान पट्टीच्या समोरच्या अंगाला, दुसरं प्लायच्या खालच्या अंगाला, तेही लाकडी स्क्रूनं नाही तर आरपार बोल्टनं. प्लायच्या जाडीत, म्हणजे कडेत, स्क्रू मारला की पापुद्रे सुटतात, हे मी एका जुन्या कपाटाच्या दारावर शिकलोय. बिजागरीवर वजन येत नाही, ती फक्त टेबल जागेवर धरते. पुढच्या कडेला दोन उभे पाय. म्हणजे मधोमध ठेवलेलं वजन निम्मं पायांवरून जमिनीत आणि निम्मं पट्टीवरून भिंतीत, सरळ खाली. पुढच्या कडेवर रेटलं तर जवळजवळ सगळा भार पायांवर. भिंतीला ओढ अशी नाहीच. खालच्या दिशेचा भार विटेची भिंत मुकाट्यानं घेते, तिला उपटणं सोसत नाही. तुम्ही ‘प्लास्टर घेऊन खाली येणार’ म्हणालात त्यात एवढीच दुरुस्ती: भिंतीला ओढ पेलणार नाही, भार पेलतो.

पाय आतल्या बाजूला आडवे घडी होतात. दोन्ही ३३ इंची, टेबल ४८ इंची, एका रेषेत घेतले तर एकमेकांवर चढतात. म्हणून एकाची बिजागरी पुढच्या कडेपासून दोन इंचांवर आणि दुसऱ्याची पाच इंचांवर घेतली, आता शेजारी शेजारी झोपतात. पायांची जाडी दीड इंच, पट्टीची दोन, त्यामुळे घडी केली की पाय टेबल आणि भिंतीच्या मधल्या फटीत मावतात. घडी केलेलं टेबल भिंतीपासून तीन इंच. व्हाइस कायमचा बसवत नाही, प्लायच्या ठोकळ्यावर बोल्ट केलाय आणि काम असेल तेव्हा सी क्लॅम्पनं लावतो.

एक गंमत राहिली. पार्किंगची फरशी गेटकडे उतरती असते, गाडी धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून. पाण्याच्या नळीनं लेव्हल काढली तर चार फुटांत बारा मिलिमीटरचा फरक! पाय सारखे कापले असते तर टेबल गेटच्या बाजूला झुकलं असतं. दोन्ही पायांना खाली नट वेल्ड केलेली पत्र्याची टोपी आणि तिच्यात दहा एमएमचा बोल्ट दिला, फिरवला की पाय लांब. या टोप्या मी घरी केल्या नाहीत. अक्कलकोट रोडच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतल्या, पैसे दिले, घासाघीस केली नाही. हे तुमच्या चौथ्या मुद्द्यासाठी सांगतोय, पण त्याकडे नंतर येतो.

दुसरा मुद्दा, जागेचा. आमची पार्किंग नऊ फूट रुंद. वॅगनआर पाच फूट चार इंच. उरले तीन फूट आठ इंच. ड्रायव्हरचं दार उघडायला दोन फूट सोडले की राहतात वीस इंच, आणि बायको गेटबाहेरच उतरते म्हणून तेवढे तरी माझे. त्या वीस इंचांत कायमचं टेबल ठेवलं तर दुचाकी रस्त्यावर. हो, टेबल उघडायला गाडी बाहेर काढावीच लागते. मी तरी कुठं म्हणालो की गाडी आणि टेबल दोन्ही एकाच वेळी मावतील? १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलसारख्या कापडगिरण्यांमुळे या गावाला पाळ्या चांगल्याच माहीत आहेत. आमच्या चाळीत शेजारी दोन भाऊ एकाच गादीवर झोपायचे, एक रातपाळी करून यायचा तेव्हा दुसरा डबा घेऊन निघालेला असायचा. खोली एकच, पण दोघांनाही पुरायची. माझी पार्किंग तशीच आहे. रात्रपाळी गाडीची, सकाळची पाळी माझी. उन्हाळ्यात तर सहा ते साडेआठ एवढीच, त्यानंतर सोलापूरच्या वैशाखात पत्र्याखाली कोण उभं राहील?

जमिनीवर बसून काम करण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत, त्यात तुमचा कारागिरांविषयीचा आदर दिसतो, तो मलाही आहे. पायाच्या अंगठ्यानं फळी दाबून सरळ रंधा मारणारा सुतार मीही लहानपणी तासन्‌तास बघत बसलोय. माझे गुडघे मात्र त्या घराण्यातले नाहीत. डॉक्टरांनी मांडी घालायला मनाई केल्याला सहा वर्षं झाली. पण ‘बाहेरचं खूळ’ म्हणताना आपल्याच गावाकडे बघा की ओ. पूर्व भागातले जुने खड्डामाग आठवा. विणकर जमिनीवर बसतो असं आपण म्हणतो, खरं तर तो खड्ड्याच्या काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यातल्या पावड्यांवर असतात. माग उचलून वर घ्यायच्या ऐवजी त्यांनी पायांसाठी जमीन खोदली, म्हणजे कापड हाताच्या उंचीला आलं. मी टेबल वर घेतलं. जमिनीपासून ३४ इंच, उभं राहून हात सैल सोडला की मनगटाला लागतं तेवढं. माझी उंची पाच फूट पाच. तुम्ही उंच असाल तर तुम्हाला ते बुटकं पडेल, माझा आकडा उतरवून घेऊ नका.

जाता जाता तुम्ही ‘प्लाय कशाला, सागवानी फळी टाका, नाहीतर आमच्याकडून अँगलचं टेबल घ्या’ असंही लिहिलंय. सागवान मलाही आवडतं. पण आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की वीस इंच रुंदीची भरीव फळी दोन-चार मिलिमीटर आकसते आणि पावसाळ्यात परत फुगते. दर वर्षी असं आकसून-फुगून जोड उघडू शकतात. प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्यानं ती हालचाल नगण्य. मात्र कमर्शियल प्लाय घेऊ नका, पार्किंग धुतली जाते, पावसाची झड येते. आयएस ७१० शिक्का असलेला, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या, आणि कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात द्या, कारण पाणी शिरतं ते कडेतून. अँगलचं टेबल शंभर वर्षं टिकेल, मान्य. पण मग गाडी कुठं लावू?

आता पोटावर पाय. हे वाक्य मला लागलं, खोटं कशाला बोलू. हे काम करायला मी आधी तीन सुतारांना विचारलं होतं. दोघांनी ‘बघू’ म्हटलं, तिसरा येऊन माप घेऊन गेला आणि परत आला नाही. त्यांचंही चूक नाही. अर्ध्या दिवसाचं काम, त्यासाठी हत्यारं घेऊन यायचं, त्याच वेळात फ्लॅटच्या किचनचं मोठं काम मिळत असेल तर कोण येईल? अशी अडलेली बारीक कामं मी या टेबलावर करतो: खुर्चीचा पाय, मिक्सरची वायर, नातवाची सायकल. आमच्या स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या कारागिरानंच केल्यात आणि गेटही तुमच्यासारख्याच फॅब्रिकेटरनं केलंय. पण लेखात ‘सुताराला कशाला पैसे द्यायचे’ असं एक वाक्य मी ऐटीत टाकलं होतं. ते आज काढून टाकलं. ते वाक्य नसतं तर बहुधा तुमचा चौथा मुद्दाही आला नसता.

एक अडचण अजून सुटलेली नाही आणि ती तुमच्याच धंद्यातली आहे. लांबीच्या दिशेनं रंधा मारला की टेबल किंचित डुलतं, कारण पाय त्याच दिशेनं घडी होतात. सध्या कडी अडकवून भागवतोय. विचार असा आहे की एका पायापासून भिंतीवरच्या पट्टीपर्यंत काढता-घालता येईल अशी तिरकी लोखंडी पट्टी द्यावी, दोन्ही टोकांना बोल्ट आणि विंग नट. त्याला २५ बाय ३ एमएमची पुरेल, की ३२ बाय ५ ची घेऊ? रविवारी सकाळी मी टेबलापाशीच असतो. उत्तर इथं लिहा, नाहीतर जुळे सोलापूरला चहाला या आणि स्वतः रेटून बघा.