पायलट, डिक्की आणि पावसातला ‘इट’

म्हापशाच्या बसस्टँडवर दहा मिनिटं उभं राहावं आणि लोकांच्या तोंडचे शब्द ऐकावेत. तिकीट, सीट, बॅग, चार्जर, रिचार्ज, लेट, फुल, रिटर्न, ‘साइड दे रे’, ‘टाइम काय झाला?’ एवढ्या भांडवलावर माणूस लंडनात आठवडा काढील. तेवढ्यात पाठीवर घराएवढी पिशवी घेतलेला एखादा पाहुणा येतो आणि विचारतो, ‘‘डज धिस बस गो टू अंजुना?’’ झालं! सगळा स्टँड एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. शेवटी त्यातला धीट माणूस पुढं होतो नि म्हणतो, ‘‘येस. बस. अंजुना. गो, गो!’’ आपल्याला हाकललं असं वाटून पाहुणा चार पावलं मागे सरकतो.

गोव्यातल्या माणसाला इंग्रजी शब्द शिकवायला जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. शब्द घरात ढिगानं पडलेत. दुखतात ते त्यांना जोडणारे सांधे. पण शिकवणारी पुस्तकं सुरू होतात ती ‘ए फॉर ॲपल’पासून. सफरचंद गोव्यात पिकत नाही, आणि ते पाठ केलेला माणूस बाजारात जाऊन बांगडाच घेणार. मग बांगड्यालाच मॅकरेल म्हणायला शिकवा की! तारले म्हणजे सार्डिन, सुंगटं म्हणजे प्रॉन्स, इसवण म्हणजे किंगफिश. बोंबलाला मात्र बॉम्बे डक म्हणतात. त्यात बदक कुठून आलं हे पाहुण्यानं विचारलं तर हसून वेळ मारून न्यावी, कारण ते त्याच्याच भाषेचं कर्तृत्व आहे.

घरातल्या शब्दांची एक भानगड मात्र आहे. त्यातले बरेचसे इंग्रजी दिसतात, पण आपल्याकडे येऊन पार बदललेले आहेत. ‘माझा भाचा पायलट आहे’ हे वाक्य गोव्याबाहेर उच्चारण्याआधी दोनदा विचार करावा. आपला पायलट पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून एका वेळी एकच प्रवासी नेतो, आणि तोही जमिनीवरून. आपलं हॉटेल म्हणजे भाजी-पाव मिळण्याची जागा. इंग्रजाचं हॉटेल म्हणजे झोपण्याची जागा, म्हणून खायला जायचं असेल तेव्हा ‘रेस्टॉरंट’ विचारावं. स्टीलचा ग्लास मागितला तर तो बुचकळ्यात पडतो, कारण त्याच्या लेखी ग्लास म्हणजे मुळात काच. डिक्की तर त्याला कळतच नाही. जुन्या मोटारींना मागच्या बाजूला उघडणारी एक जादा बैठक असे, तिचं हे नाव. बैठक गेली, नाव आपल्याकडे राहिलं. ब्रिटिश माणूस डिक्कीला बूट म्हणतो, अमेरिकन ट्रंक. स्टेपनी हे वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचं नाव. 1904 साली तिथं जादा चाक बनवायला लागले आणि रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. ते आपण अजून वापरतो, इंग्रज विसरला. त्याला ‘स्पेअर व्हील’ म्हणावं.

त्यातून आपण गोव्याचे. 1510 पासून 1961 पर्यंत पोर्तुगीज इथं होते, त्यामुळे परका वाटणारा प्रत्येक शब्द इंग्रजीच असेल ही खात्री देता येत नाही. चावी, बादली, पगार, बटाटा, जनेल (म्हणजे खिडकी) हे सगळे पोर्तुगीज. ‘गिव्ह मी चावी’ म्हणणाऱ्याची चूक फार मोठी नाही, साम्राज्य तेवढं चुकलं. ‘इंग्रज’ हा शब्दसुद्धा आपल्याला पोर्तुगीजांकडूनच मिळालाय.

गावांच्या पाट्या ही याच घोळाची दुसरी बाजू. नव्यानं अक्षरं जुळवायला शिकलेला माणूस बसच्या कपाळावरची पाटी वाचतो : बी-आय-सी-एच-ओ-एल-आय-एम. बिचोलिम! असलं गाव कुठलं, म्हणून तो बस सोडून देतो, आणि डिचोलीची बस त्याच्या डोळ्यांदेखत निघून जाते. ही स्पेलिंगं पोर्तुगीजांनी त्यांच्या कानांनी लिहिली. त्यांच्याकडे शब्दाच्या शेवटी एम आला की ओठ मिटायचे नसतात, तो स्वर नुसता नाकातून काढायचा असतो. एक्स म्हणजे त्यांचा श, आणि क्यू-यू-ई म्हणजे के. हे तीन नियम खिशात ठेवले की सांक्वेलिमची साखळी होते, क्वेपेमचं केपे होतं आणि एक्सपासून सुरू होणारं शेल्डे घशात अडकत नाही. हणजूणचं अंजुना आणि हरमलचं आरांबोल कसं झालं ते नियमात बसवायच्या फंदात पडू नये, सरळ पाठ करावं. कारण पाहुणा विचारतो ते हेच.

आता सांधे. सगळ्यात दुखरा म्हणजे प्रश्न. आपण साधं वाक्य म्हणतो, शेवटी ‘का’ लावतो, की झाला प्रश्न. इंग्रजीत प्रश्नाचं इंजिन पुढं जोडावं लागतं. ‘द बस गोज टू म्हापसा’ याचा प्रश्न ‘डज द बस गो टू म्हापसा?’ इथं नवशिका हटकून ‘डज द बस गोज’ म्हणतो. गोजमधला तो एस एकच असतो. डजनं तो आपल्या खिशात घातला की क्रियापदाच्या हाती काही लागत नाही. डिडचंही तेच : भूतकाळ डिडनं उचलला, म्हणून ‘डिड यू गो’, ‘डिड यू वेन्ट’ नाही. आठवड्यात दुसरं काही नाही शिकलात तरी चालेल, हे एवढं तोंडात बसवा. बस, बाजार, बँक, दवाखाना, सगळीकडे निम्मे प्रश्न डू, डज आणि डिड यांनीच सुरू होतात.

दुसरा सांधा पावसाचा. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि मराठीत तो स्वतःच पडतो. इंग्रजीत ‘इट इज रेनिंग’. हा इट कोण? आकाश नाही, ढग नाही, देव तर नाहीच. इंग्रजी वाक्याला कर्त्यावाचून दार उघडता येत नाही, आणि इथं कर्ता म्हणावा असा कोणी नाही; म्हणून शेतात बुजगावणं उभं करावं तसा इट उभा केलाय. इट इज लेट, इट इज हॉट, इट इज फाइव्ह ओक्लॉक : सगळीकडे तेच बुजगावणं. नवशिका त्याला गाळून ‘इज रेनिंग’ म्हणतो, कारण त्याच्या बुद्धीला ते पटत नाही. बुद्धी त्याची बरोबर आहे. पण तरी इट म्हणावंच.

तिसरा सांधा ‘मला’चा. मराठी माणसाला भूक लागते, झोप येते, थंडी वाजते, राग येतो, ताप येतो. सगळं बाहेरून येऊन बिचाऱ्यावर आदळतं, त्याचा त्यात काही दोष नाही. इंग्रजीत सगळं त्याच्याच नावावर : आय ॲम हंग्री, आय ॲम स्लीपी, आय ॲम कोल्ड, आय ॲम अँग्री. ताप तेवढा मालमत्तेत धरतात, आय हॅव अ फीव्हर. म्हणून ‘टू मी हंगर’ असं जुळवत बसू नये. ‘मला’ आलं की बहुतेक वेळा निमूट ‘आय’ म्हणून मोकळं व्हावं.

‘जरा’ हा शब्दही दगा देतो. ‘जरा पाणी द्या’मधला जरा पाण्याचा नाही, विनंतीचा. त्याचं ‘गिव्ह लिटल वॉटर’ केलं की वेटर अर्धा ग्लास आणतो, वर हुकूम सोडल्याबद्दल तोंडही वाकडं करतो. आपली नम्रता क्रियापदाच्या शेपटीला असते, द्या, या, बसा. त्यांची वाक्याच्या डोक्यावर. ‘कॅन आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ हे अख्खं वाक्य पाठ करून ठेवावं. ‘सम वॉटर’च्या जागी ‘सम टी’, ‘द बिल’, ‘सम चेंज’ काहीही घातलं तरी चालतं.

आकड्यांच्या बाबतीत इंग्रजी दयाळू आहे, हे मान्य केलं पाहिजे. एक ते एकोणीसचे एकोणीस शब्द आणि वीस ते नव्वद दशकांचे आठ, अशा 27 शब्दांत नव्याण्णवपर्यंत मोजता येतं. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांमध्ये पिढ्यानपिढ्या मार खाल्लाय. पण बाजारात घात होतो तो फिफ्टीन आणि फिफ्टीमध्ये. बाई सांगते पन्नास, पाहुणा काढतो पंधरा, आणि मग मासळीबाजारात कोणती भाषा चालते ते त्याला पहिल्यांदा कळतं. फिफ्टीनमध्ये जोर शेवटी द्यायचा आणि ‘टीन’ लांबवून शेवटचा ‘न’ नीट वाजवायचा. फिफ्टीमध्ये जोर पहिल्याच अक्षरावर, टी तोकडा. तरी गोंधळ वाटला तर आकडे सुटे करावेत : ‘फाइव्ह, झिरो’. विमानातले पायलटही आकडे बहुतेक असेच एकेक करून सांगतात, त्यामुळे आपल्या पायलटनं तसं सांगितलं तर काही बिघडत नाही. अडीचशेला ‘टू अँड हाफ हंड्रेड’ म्हणू नये; टू फिफ्टी पुरतं.

फॉर्म हा निराळाच छळ. 1987 च्या कायद्यानं कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी वापराची मुभा मिळाली. त्यावरून आपण आजवर कोकणीत आणि मराठीत भरपूर भांडलो, आणि भांडण संपल्यावर अर्ज इंग्रजीत भरला. त्यात ‘ब्लॉक लेटर्स’ म्हणजे फक्त मोठी अक्षरं, आणि ‘सरनेम’च्या रकान्यात सर नव्हे, आडनाव लिहायचं, एवढं पुरे.

राहिला उच्चार. आपल्याकडे व एक, त्यांच्याकडे दोन. व्हेस्ट म्हटलं की बनियन, वेस्ट म्हटलं की पश्चिम. वेस्टला ओठ शीळ घातल्यासारखे गोल करायचे, दात लागू द्यायचे नाहीत. व्हेस्टला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. हे जमत नसेल तर पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत चढावं. आपली फेरी म्हणजे जाऊन परत येणं आणि त्यांची फेरी म्हणजे नुसतं पलीकडे जाणं, हा भाग सोडून द्या. इंग्रजी पद्धतीनं दात ओठावर टेकवून नुसती फुंकर सोडत ‘फेरी’ म्हणायचं. मग दात तिथंच ठेवून गळ्यातून आवाज काढायचा, ‘व्हेरी’ होतं. फेरी, व्हेरी, फेरी, व्हेरी. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही, नुसते ओठ हलताना दिसतात. शेजारचा स्कूटरवाला फारच निरखून बघायला लागला तर कपाळ पुसून ‘इट इज व्हेरी हॉट’ म्हणावं. इट विसरू नये.