सोमवारी लाल किल्ला बंद असतो

आज दुपारी ऑफिसात डबा उघडत होते, तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर भाच्याचा मेसेज आला. "दिल्ली प्लॅन फायनल!" खाली एक एक्सेल शीट. फेब्रुवारीतले चार दिवस, शुक्रवार सकाळ ते सोमवार संध्याकाळ, एकूण 17 ठिकाणं. सोमवारच्या रकान्यात पहिलीच ओळ: लाल किल्ला, 9 ते 9.45.

पाच मिनिटांत त्यावर नऊ अंगठे. दादाचा, वहिनीचा, पुण्याच्या मावशीचा. एकानेही तो रकाना नीट वाचलेला नव्हता. मी लिहिलं, "अरे, सोमवारी लाल किल्ला बंद असतो." लगेच उत्तर आलं, "आत्या, टेन्शन नको घेऊ. बाहेरून बघू ना! फोटो तर बाहेरूनच भारी येतो."

बाहेरून बघू. हे वाचलं आणि माझा घास घशाखाली उतरेना. डबा तसाच झाकून ठेवला. संध्याकाळी घरी आले, कुकर लावला आणि आता हे लिहायला बसलेय, कारण ग्रुपवर लिहिलं तर भांडण होईल.

तुमच्यापैकी बरेच जण आप्पांना ओळखत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या वडिलांनी 31 वर्षं परळच्या महापालिका शाळेत इतिहास शिकवला. गिरणी कामगारांची मुलं, वर्गात साठ-साठ. बाकांवर जागा नसायची, मागची मुलं खिडकीत बसायची. त्या मुलांना आप्पांनी लाल किल्ला शिकवला, स्वतः कधी न बघता. फळ्यावर खडूने किल्ला काढायचे. आधी लाहोरी दरवाजा, मग छत्ता चौकातला झाकलेला बाजार, मग नौबतखाना, दिवाण-ए-आम, आणि पार मागे, जिथून पूर्वी यमुना वाहायची त्या बाजूला, दिवाण-ए-खास. शहाजहानने 1639 मध्ये काम सुरू केलं आणि 1648 मध्ये किल्ला पूर्ण झाला, हे सन त्यांचे विद्यार्थी आजही लग्नाकार्यात भेटले की मला म्हणून दाखवतात.

आणि ते नुसते सन शिकवायचे नाहीत. 1760 मध्ये भाऊसाहेब दिल्लीत शिरले, सैन्याचे पगार थकले होते, म्हणून दिवाण-ए-खासच्या छताची चांदी आपल्याच लोकांनी उतरवून वितळवली, हेही ते सांगायचे. एका पालकाने येऊन तक्रार केली होती की मुलांना असलं का सांगता. आप्पा म्हणाले, पानिपत शिकवायचं तर पोटाला काय होतं तेही शिकवावं लागतं. त्याच दिवाण-ए-खासमध्ये 1858 साली म्हाताऱ्या बहादूरशहा जफरवर इंग्रजांनी खटला चालवला आणि त्याला रंगूनला पाठवलं. त्याच किल्ल्यात 1945 मध्ये आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला. आणि नेहरूंनी लाल किल्ल्यावर पहिल्यांदा झेंडा फडकवला तो 15 ऑगस्टला नव्हे, 16 ऑगस्ट 1947 ला. हा प्रश्न ते दर वर्षी परीक्षेत घालायचे आणि दर वर्षी अर्धा वर्ग चुकायचा.

तर 2011 च्या डिसेंबरात मी आई-आप्पांना घेऊन एका टूर कंपनीबरोबर दिल्ली-आग्रा-मथुरा केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पैसे मी भरले होते आणि छापील कार्यक्रमपत्रिकेत 'लाल किल्ला' ठळक अक्षरात होतं. आप्पांनी निघायच्या आधी आठवडाभर खपून किल्ल्याचा नकाशा काढला होता. मोठ्या पांढऱ्या कागदावर, पेन्सिलीने, पट्टी लावून. कुठे उभं राहून काय बघायचं त्याला 1 ते 14 आकडे. त्याची चार पदरी घडी करून शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या घराशेजारी.

बस किल्ल्यासमोर थांबली तो सोमवार होता.

टूर मॅनेजर म्हणाला, "मंडळी, आज किल्ला बंद आहे, पण हरकत नाही, बाहेरून बघून घ्या, फोटो काढा, पंधरा मिनिटं." त्याच्या गळ्यात शिटी होती. बंद असतो हे त्याला माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नका. दर आठवड्याला बस घेऊन येणाऱ्या माणसाला सोमवार कळत नाही? पत्रिकेत 'दर्शन' लिहिलं होतं, दर्शन बाहेरूनही होतं, असं त्याने मला नंतर ऐकवलं. आणि तिथून निघाल्यावर बस कुठे गेली? हस्तकलेच्या एका दुकानात. दोन तास! किल्ल्याला पंधरा मिनिटं आणि साड्या-गालिच्यांना दोन तास! चौदा वर्षं झाली, अजून माझं डोकं फिरतं.

आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून नकाशा काढला, उलगडला, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून आईला बोटाने दाखवायला लागले. "तो दरवाजा दिसतो ना, त्याच्या आत दोन्हीकडे दुकानं. तिथून सरळ गेलं की नौबतखाना. इथे सगळ्यांना घोड्यावरून उतरावं लागायचं." आमच्या बसमधल्या दोन-तीन बायका जवळ आल्या. मग एक रिटायर्ड पोस्टमन होते ते आले. मग अजून कुणीकुणी. आप्पा आकडा 1 वरून 6 वर पोचले होते, दिवाण-ए-आमला, आणि शिटी वाजली.

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आप्पा, चला, बस सुटेल."

हे मी म्हटलं. मॅनेजरने नाही, मी. त्यांनी कागद घडीवर घडी नीट बसवून मिटला आणि निमूट चालायला लागले. 2014 मध्ये ते गेले. परत दिल्ली झाली नाही.

म्हणून, भाच्या, "बाहेरून बघू" हे मला नाही चालत. तुझ्यावर राग नाही माझा. म्हणजे आहे, पण तुझ्यावर नाही. आपल्या सगळ्यांनाच जी सवय लागलीय तिच्यावर आहे. 'दिल्ली कव्हर केली.' 'तीन दिवसांत सगळं झालं.' काय झालं? तुझ्या रविवारच्या रकान्यात अक्षरधाम, कमळ मंदिर, हुमायूनची कबर, कुतुबमिनार, हौज खास आणि सरोजिनी मार्केट आहे. एका दिवसात! अक्षरधाम यमुनेच्या पलीकडे, कुतुबमिनार दक्षिणेला मेहरौलीत. हे काय दादर टीटी ते परळ आहे का? अक्षरधामला मोबाईल-पिशव्या आत नेता येत नाहीत, त्या जमा करायच्या रांगेतच किती वेळ जातो! आणि या सगळ्या धावपळीत कोण आहे? माझी आई. वय 76, दोन्ही गुडघे दुखरे. तिला तुम्ही टॅक्सीत बसवणार, उतरवणार, फोटो काढणार, परत बसवणार. ती तक्रार करणार नाही, कारण तिने आयुष्यात कधी केलेली नाही. रात्री हॉटेलात बाम चोळत बसेल आणि "छान झालं हो सगळं" म्हणेल.

बरं, टूर कंपन्या नसत्या तर आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी गावाबाहेर पाऊल टाकलं नसतं, हे मला मान्य आहे. आणि पोरांना रजा मिळत नाहीत, हेही कळतं. पण म्हणूनच! चारच दिवस आहेत तर ते असे उधळायचे?

आणि हे फक्त दिल्लीचं नाही. माझं ऑफिस फोर्टात. सोमवारी दुपारी कधी गेटवेकडे गेलं की बघा, लातूर-सांगलीकडून आलेली कुटुंबं लाँचच्या तिकिटाला उभी असतात आणि मग कळतं की सोमवारी घारापुरीची लेणी बंद. मागच्याच महिन्यात एक आजोबा असे होते. धोतर, टोपी, हातात पाण्याची बाटली. मुलगा म्हणत होता, "असू द्या बाबा, बोटीतून बंदराची फेरी मारू." आजोबा म्हणाले, "त्रिमूर्ती बघायची होती रे." एवढंच. मी तिथे उभी राहून रडले नाही, पण रडायला आलं होतं. मुंबई ही आपल्या राज्याची राजधानी, माणसं आयुष्यात एकदा येतात इथे, आणि त्यांना बोलावणारे आपण मुंबईकर साधा वार बघून सांगत नाही! राणीच्या बागेला बुधवारी सुट्टी असते, हेसुद्धा आपल्याला पाहुणे फाटकाशी पोचल्यावर आठवतं. ताजमहाल शुक्रवारी बंद, लाल किल्ला सोमवारी बंद, राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद, अक्षरधाम आणि कमळ मंदिरसुद्धा सोमवारी बंद. एवढी माहिती काढायला दोन मिनिटं लागतात. हॉटेलात नाश्ता फुकट आहे की नाही हे मात्र आपण तीन वेळा विचारतो.

जरा थांबले होते. कुकर उतरवला, आईला जेवायला वाढलं. तिला अजून काही सांगितलेलं नाही. तिने ग्रुप वाचलेला नाही, तिला चष्म्यानेही बारीक अक्षर दिसत नाही. जेवताना ती म्हणाली, "फेब्रुवारीत थंडी असेल ना तिकडे? तुझ्या आप्पांचा मफलर नेऊ का?"

आता शांतपणे लिहिते.

भाच्या, तारखा तू चांगल्या निवडल्या आहेस. दिवाळीत तिकडे हवेने घसा धरतो आणि डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या कितीतरी तास लेट होतात, तेव्हा फेब्रुवारीच बरा. राजधानीने जायचं हेही बरोबर. संध्याकाळी मुंबई सेंट्रलला बसलं की आईला रात्री झोप मिळते आणि सकाळी नवी दिल्ली. पण पोचलो त्या शुक्रवारी काहीही ठेवू नकोस. आंघोळ, जेवण, झोप, संध्याकाळी फार तर इंडिया गेट आणि शेजारचं राष्ट्रीय युद्ध स्मारक. तिथे संध्याकाळी बसायला छान वाटतं आणि बसणं हे आईसाठी महत्त्वाचं आहे.

शनिवारची सकाळ पूर्ण लाल किल्ल्याला. पूर्ण! उघडला की आत. मेट्रोचं स्टेशनच 'लाल किला' नावाचं आहे, उतरलं की समोर किल्ला. आत बरंच चालावं लागतं, म्हणून व्हीलचेअर मिळते का ते आधी फोन करून विचार. आईला लाज वाटेल, मी समजावेन. आता तर आत नेताजी आणि आझाद हिंद सेनेचं संग्रहालयही झालंय, 2019 पासून. आप्पांच्या नकाशात ते नाही, त्याला आपण 15 आकडा देऊ.

आग्रा काढून टाक. आईने 2011 मध्ये ताज बघितलाय, नीट, आत जाऊन. त्या दिवशी शुक्रवार नव्हता एवढं आमचं नशीब. त्याऐवजी रविवारी हुमायूनची कबर, फक्त तेवढीच, आणि तिथल्या बागेत निवांत बसणं. ताजच्या आधीची ती इमारत, आणि तिथे गर्दी कमी. राष्ट्रपती भवनाची बाग फेब्रुवारीत उघडली असेल तर तिचं ऑनलाइन बुकिंग कर. आईला फुलं आवडतात हे तुम्ही सगळे विसरलात. तीही सोमवारी बंद असते, आताच सांगून ठेवते.

सोमवारी चांदणी चौकात तुला काय खायचं ते खा, आमची हरकत नाही. अलीपूर रोडवर 26 नंबरला, जिथे 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले, तिथलं स्मारक मला बघायचंय. दर 6 डिसेंबरला दादरला आपल्या दारावरून माणसांच्या रांगा जातात आणि दिल्लीला जाऊन आपण ते घर बघत नाही, हे मला पटत नाही. ते सोमवारी उघडं असतं का, हे मी स्वतः फोन करून विचारणार आहे.

हे लिहीत असतानाच भाच्याचा फोन येऊन गेला. मी ग्रुपवर काही बोलले नाही म्हणून त्याला काळजी वाटली असावी. मी त्याला 2011 ची सगळी गोष्ट सांगितली. तो तेव्हा सहा वर्षांचा होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. शिटी वाजली आणि मी त्यांचा हात धरला, हेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाला, "आत्या, तो नकाशा अजून आहे?"

आहे. आईच्या कपाटात, तिच्या चांगल्या साडीच्या घडीत. आता टेबलावर पसरून ठेवलाय. पेन्सिल फिकट झालीय, पण 1 ते 14 सगळे आकडे वाचता येतात. दिवाण-ए-खासपाशी बारीक अक्षरात लिहिलंय, "छत नीट बघणे." पट्टीने मारलेल्या रेघा अजून सरळ आहेत.

फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याने नवी शीट करायला घेतलीय, शनिवारच्या रकान्यात फक्त दोन शब्द आहेत. रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे परवा सकाळी 8 वाजता तो आणि मी दोघेही लॉगिन करून बसणार.

एक मदत हवीय. नकाशा घडीच्या जागी विरलाय, मधोमध तर आरपार दिसतं. परत उलगडला-मिटला तर फाटेल, आणि तो आम्हाला किल्ल्यात न्यायचाय. लॅमिनेशन करायचं नाही. जुने कागद पाठीमागून अस्तर लावून नीट करून देणारं दादर-परळ भागात कुणी माहीत असेल तर आजच कळवा.