चिठ्ठी ठेवून जा

दिवाळीच्या आधीचा आठवडा. कोथरूडच्या एका गल्लीत चिवड्याचं सामान घेऊन मी गाडी काढत होते. पुढे टेम्पो आडवा, बाजूला दुचाक्यांची रांग, म्हणून जरा मागे घेतली. आवाज अगदी लहान आला, प्लास्टिकचा डबा पायाखाली दबावा तसा. उतरून मागे गेले.

मागे पांढरी, कोरी करकरीत गाडी. बॉनेटवर दसऱ्याच्या पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक, जाळीला सुकलेला झेंडूचा हार. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. तिच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर वीतभर ओरखडा, आणि बंपर फेंडरपासून बोटभर सुटून आलेला. माझ्या पोटात गोळाच आला.

कोपऱ्यावर इस्त्रीवाल्या काकांची टपरी आहे. त्यांनी सगळं पाहिलं होतं. हातातली इस्त्री उभी ठेवून म्हणाले, "जावा ताई. कुणी नाय बघितलं. एवढ्यातेवढ्याला काय होतंय?"

काका मनापासून माझ्या भल्याचं बोलत होते. माझा चेहरा पाहून त्यांना वाईट वाटलं असणार. आणि गंमत म्हणून नाही, अगदी खरं सांगते, माझं एक पाऊल गाडीच्या दाराकडे वळलंसुद्धा होतं. पण "एवढ्यातेवढ्याला काय होतंय" हे वाक्य कानावर पडलं आणि मला बाबा आठवले.

तीन वर्षांपूर्वी बाबांचा खुब्याचा सांधा बदलला. डिस्चार्जच्या दिवशी त्यांना गाडीत कसं बसवायचं ते मला आदल्या संध्याकाळी दोनदा करून दाखवलं होतं. पुढची डावी सीट पूर्ण मागे सरकवायची, तिची पाठ जरा कलती करायची. बाबांनी आधी पाठमोरं टेकायचं, मग पाय लांब ठेवूनच हळूहळू आत वळायचं. खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकता कामा नये. मी बिलं भरून पार्किंगमध्ये गेले, तर डावं पुढचं दार आत चेपलेलं आणि त्यावर दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा निळा रंग घासलेला. दार उघडेचना. नेमकं तेच दार. बाबा हॉस्पिटलच्या दाराशी व्हीलचेअरवर, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, पाऊण तास बसून. दर पाच मिनिटांनी विचारत होते, "काय झालं गं? पैसे कमी पडले का?" शेवटी ॲम्ब्युलन्स बोलावून त्यांना घरी नेलं. सुरक्षारक्षकाला कॅमेऱ्याबद्दल विचारलं, तर म्हणाला पोलिसांचं पत्र आणा. त्या दिवशी माझ्या अंगात तेवढं बळ नव्हतं.

ज्यानं ठोकलं तो काही राक्षस नसणार. उतरून त्यानं दार पाहिलंच असेल. घाईत असेल, त्याचंही कुणी वर ॲडमिट असेल. आणि मनाशी म्हणाला असेल, एवढ्यातेवढ्याला काय होतंय.

माझं म्हणणं एवढंच आहे. नुकसान लहान की मोठं, हे ठोकणाऱ्यानं ठरवायचं नसतं. त्याला ते ठरवताच येत नाही. गाडीच्या त्या दारातून कोण बसणार आहे, ती गाडी कुणाच्या लग्नाला निघाली आहे, की तिच्यावर कुणाचा रोजचा धंदा चालतो, हे बाहेरून कसं कळणार? नुसती गाडी म्हणून पाहिली तरी बाहेरून कळत नाही. ओरखड्यावरून नख फिरवून पाहा. नख अडकलं तर तो नुसत्या रबिंग-पॉलिशनं जात नाही, रंगच करावा लागतो. ओरखडा पत्र्यापर्यंत गेला असेल तर गंज धरतो, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत फार लवकर धरतो. बंपर बाहेरून धड दिसतो, पण आतल्या क्लिपा आणि ब्रॅकेट तुटलेले असतात. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. ते बसतात मागच्या बंपरमध्येच. म्हणजे मागून "जरासा टेकलेला" धक्का कुणाचा तरी सेन्सर बंद पाडू शकतो, आणि ते त्याला कळणार पुढच्या वेळी रिव्हर्स घेताना. माझी गाडी २०१४ ची, तिला सेन्सर नाहीत. असते तर त्या दिवशी ते वाजले असते, पण तो काही माझा बचाव नाही. मान वळवून नीट बघणं माझं काम होतं.

"कायदा फक्त माणूस जखमी झाला तर लागतो" असं मी स्वतःही समजत होते. तसं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३४ यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही स्पष्ट लिहिलेलं आहे. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत कळवायचं. न कळवल्यास कलम १८७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बंपरच्या ओरखड्यासाठी कुणी तुरुंगात जाईल असं मी म्हणत नाही. पण "त्यात काय, सगळेच निघून जातात" असं म्हणताना हे माहीत असावं.

तर मी चिठ्ठी लिहिली. पर्समध्ये कोरा कागद नव्हता, किराण्याची यादी होती. पातळ पोहे १ किलो, डाळं पाव किलो, सुकं खोबरं. तिच्या पाठीमागे लिहिलं: "गाडी मागे घेताना माझ्या गाडीचा धक्का तुमच्या पुढच्या बंपरला डाव्या बाजूला लागला. दुरुस्तीचा खर्च मी देते. कृपया फोन करा." खाली नाव, मोबाईल नंबर, माझ्या गाडीचा नंबर, तारीख, वेळ. आभाळ भरून आलं होतं म्हणून पणत्यांच्या पिशवीचा तुकडा फाडून त्यात चिठ्ठी गुंडाळली आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या वायपरखाली घट्ट खोचली. दोन्ही गाड्यांचे फोटो काढले, जवळून आणि लांबून. काकांना सांगितलं, मालक आले तर माझा नंबर द्या. काका काहीच बोलले नाहीत.

रात्री नऊला फोन आला. आणि तो काही "वा, किती प्रामाणिक तुम्ही" असा नव्हता. तरुण मुलगा होता. "मॅडम, महिना नाही झाला गाडी घेऊन! डोळे मिटून चालवता का?" मी ऐकून घेतलं. त्याचं पहिलं वाहन होतं, हप्त्यावर घेतलेलं. पंधरा हजार लागतील म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये उद्या दोघं जाऊ, एस्टिमेट घेऊ, जे निघेल ते मी त्यांच्याच काउंटरवर भरते. एस्टिमेट निघालं ७,४०० रुपये. दोन क्लिपा, एक ब्रॅकेट आणि बंपरचा रंग. भरले. पावतीवर त्याच्या गाडीचा नंबर, आणि एका कागदावर दोन ओळी: या तारखेच्या नुकसानीचा खर्च मिळाला, आता काही मागणं नाही. दोघांच्या सह्या. तिथे बसल्या बसल्या तो म्हणाला, "ताई, रात्री जरा जास्तच बोललो." मॅडमची ताई झाले होते.

इथे पुष्कळ जण विचारतात, विमा असतो की, मग खिशातून कशाला? हे जरा नीट सांगते, कारण याच गैरसमजावर पळून जाणारे आपलं मन शांत करतात. "त्याचा इन्शुरन्स देईल" म्हणजे खरं तर तोच देणार. त्यानं स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम केला तर पहिले १,००० रुपये त्याचेच जातात, १,५०० सीसीच्या वरची गाडी असेल तर २,०००. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा संरक्षण, घेतलेलं नसेल तर प्लास्टिकच्या बदललेल्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि बंपर प्लास्टिकचाच असतो. वर नो क्लेम बोनस जातो. एकही क्लेम न करता २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत चढलेली विम्याच्या हप्त्यातली सवलत एका क्लेमनं शून्यावर येते, वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर. पाच वर्षं जपून गाडी चालवलेल्या माणसाची कमाई, दुसऱ्याच्या रिव्हर्समध्ये गेलेली.

ठोकणाऱ्याचा थर्ड पार्टी विमा आहेच. खासगी कारला दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी त्यात साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. पण तो दावा जातो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, आणि सात हजारांसाठी तारखा कोण घेत बसणार? नुकसान खरोखर मोठं असेल, कुणाचं गेट, दुकानाची काच, महागडी गाडी, तर मात्र आधी आपल्या विमा कंपनीला कळवा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैशांचं वचन द्यायचं नाही, अशी अट पॉलिसीत असते. त्या वेळी चिठ्ठीत घडलेली गोष्ट आणि नंबर एवढंच लिहावं. लहानसहान नुकसान थेट चुकतं करणं उत्तम. पैसे शक्यतो गॅरेजला द्यावेत, आणि गाडीत नुसता ड्रायव्हर असेल तर त्याच्या हातावर पाचशे टेकवून निघू नये. त्याला मालकापुढे उभं राहायचं असतं.

आता ज्यांची गाडी ठोकली जाते त्यांच्याशी बोलते, कारण मी तीही आहे. चिठ्ठी ठेवणाऱ्याला फोन कराल तेव्हा पहिला श्वास घ्या. बाबांच्या त्या दारानं मला शिकवलं की राग किती खरा असतो. पण चिठ्ठी ठेवणाऱ्यावर तो काढला, पाच हजारांचे पंधरा हजार सांगितले, जुना पोचाही त्यातच भरून घेतला, की तो माणूस पुढच्या वेळी चिठ्ठी ठेवत नाही. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी असंच एकदा नाव-नंबर दिलं होतं. त्यांच्याकडून दोन दारांचा रंग वसूल केला, धक्का एकाच दाराला होता. आता त्या सांगतात, "मी कुणाला सांगायला जात नाही बाई." त्यांना मी काय म्हणू? त्यांनी पुढे कधी कुणाची गाडी ठोकून निघून जावं हे मला पटणार नाही, पण त्यांना त्या वाटेवर कुणी नेलं हे मला दिसतं. सोसायटीच्या पार्किंगमध्येही तेच. बॉलनं आरसा फुटल्यावर जो मुलगा स्वतः जिना चढून दारात येतो, त्याच्यावर ओरडून काय मिळवतो आपण? त्याच्या मागे जिन्यात उभे राहिलेले चौघं सगळं ऐकत असतात.

भाऊबीज झाल्यावर त्याच गल्लीत पुन्हा गेले होते. इस्त्रीवाल्या काकांनी हाक मारून विचारलं, "किती गेले ताई?"

"सात हजार चारशे."

"अरे देवा," म्हणाले आणि परत शर्टावर पाणी मारायला लागले. मी सामान ठेवून गाडीत बसले, रिव्हर्स टाकला, तर आरशात काका. इस्त्री सोडून रस्त्यात येऊन उभे, दोन्ही हात वर. "येऊ द्या... येऊ द्या... अजून एक हात आहे... बस!"